एकसष्ट भोकांचा नकाशा

आमच्या मस्कतच्या ऑफिसात, साहेबांच्या खुर्चीमागे, आयर्लंडमधल्या लिट्रिम नावाच्या जिल्ह्याचा एक जुना नकाशा टांगलेला असे. बावीस इंच बाय अठरा, काचेच्या फ्रेममध्ये. कागद कोऱ्या चहात बुडवून वाळवल्यासारखा दिसे. त्याचं वय साहेबांच्या मते दोनशेच्या आसपास होतं. मी तो सोळा वर्षं पाहत होतो. पाणीपुरवठ्याच्या कामांची मोजमापं काढणं ही माझी नोकरी. तक्ते सहीला घेऊन गेलो की साहेब ते वाचून संपवेपर्यंत मला बघायला दुसरं काही नसे.

जिल्हा लांबट होता आणि मधोमध एका तळ्याने जवळजवळ कापलेला. डोंगर सुरवंटांसारखे काढलेले. बाकी सगळीकडे गावं आणि वस्त्या. मोठ्या गावांना ठसठशीत अक्षरं, लहान वस्त्यांना नुसतं एक वर्तुळ आणि मुंगीएवढं नाव. ड्रमशॅन्बो, बॅलिनामोर, मोहिल ही मला पाठ झाली होती. साहेब मूळचे तिथलेच. ते म्हणत की यातल्या कितीतरी वस्त्या आता नाहीत. माणसं उपाशी मेली किंवा बोटीत बसून गेली. एकदा त्यांनी माझ्या वाडीत किती घरं आहेत ते विचारलं. मी सांगितलं, चौतीस, पैकी अकरा कुलूपबंद. एवढा नेमका आकडा ऐकून ते हसले होते.

एकदा मी तो नकाशा चुकीचा ठरवला होता. दोन गावांमधलं अंतर नकाशावरच्या पट्टीप्रमाणे सात मैल येत होतं, म्हणजे सव्वाअकरा किलोमीटर. फोनवर तेच अंतर सव्वाचौदा दाखवत होतं. मी ते कागदावर मांडून साहेबांपुढे ठेवलं. साहेब म्हणाले, आयरिश मैल वेगळा होता, दोन हजार दोनशे चाळीस यार्डांचा. मी पुन्हा गुणाकार केला. चौदा पूर्णांक तीन. नकाशा बरोबर होता. त्यानंतर मला त्याच्याविषयी आदर वाटू लागला. एखाद्या माणसाचा हिशेब पटल्यावर वाटतो तसा.

साहेब निवृत्त होऊन कायमचे परत जायचे ठरले तेव्हा त्यांचं वय बहात्तर होतं. लग्न केलेलं नव्हतं. तिकडे एक मोठी बहीण होती, एकोणऐंशी वर्षांची, वृद्धाश्रमात. पाच वर्षांपूर्वी तिची दृष्टी पूर्ण गेली होती. ती दर रविवारी फोन करायची आणि नकाशा आणतोयस ना, असं विचारायची, हे साहेबांनी मला सांगितलं होतं. दिसत नसलेल्या बाईला नकाशा कशाला हवा, हे मी विचारलं नाही. भावनेचा प्रश्न असेल असं धरून चाललो.

जायच्या आधी साहेबांना चार दिवस सलालाला जायचं होतं, जुन्या कामाच्या ठिकाणी निरोप घ्यायला. त्यांनी फ्रेम स्वतः उघडली, नकाशा दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "काच विमानात फुटेल. हा प्रवासात खराब होणार नाही असं काहीतरी कर. तुझ्यावर सोपवतो." ऑफिसात अठ्ठावीस माणसं होती. त्यांनी मला निवडलं याचा मला अभिमान वाटला.

आता इथे आमच्या घराची एक सवय सांगायला हवी. पूर्वी आम्ही वादी अदाईत तळमजल्यावर राहत होतो. एका वादळात वादीला, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या नदीपात्राला, पाणी आलं आणि कपाटाच्या खालच्या खणापर्यंत चढलं. त्या खणात सगळी कागदपत्रं होती. त्रेपन्न कागदांपैकी जे अकरा लॅमिनेट केलेले होते तेवढे वाचले. बाकीच्यांचा लगदा झाला. तेव्हापासून घरात आलेला महत्त्वाचा कागद आठवड्याच्या आत प्लास्टिकमध्ये जायचा. मुलीची गुणपत्रकं, लसीकरणाचं कार्ड, वडिलांच्या घराचा उतारा, सगळं. माझी पदवीही त्या अकरांत होती. पुढे ती साक्षांकनासाठी नेली तर खिडकीवरच्या माणसाने परत केली, कारण प्लास्टिकवर शिक्का बसत नाही. विद्यापीठाकडून दुसरी प्रत मिळवायला सात महिने गेले. त्यातून मी एवढाच धडा घेतला की शिक्का घ्यायचा असेल तो कागद लॅमिनेट करू नये. बायको म्हणायची, "अहो, एक दिवस मलाही लॅमिनेट करून भिंतीला लावाल."

नकाशा मी दार्सैतच्या घरी आणला आणि सकाळी जेवणाच्या टेबलावर उताणा पसरला. एका घडीवर चार सेंटिमीटरची चीर होती. उचलून खिडकीशी धरला तर आरपार उजेड दिसला. बारीक बारीक भोकं. मागच्या बाजूने मोजली. एकसष्ट. पुन्हा मोजली, एकसष्टच. मी वहीत लिहून ठेवलं: कीड, ६१ ठिकाणी. फ्रेमच्या आत काय काय शिरलं असेल आणि किती वर्षं कुरतडत असेल कोण जाणे, असं मनात आलं. बायकोने भोकांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हे खरखरीत लागतंय हो. कीड अशी खाते का?" मी म्हणालो, जुना कागद आहे, लागणारच.

तो नकाशा मी पुढून धरून नीट पाहिला असता तर प्रत्येक भोक एकेका वस्तीच्या वर्तुळात बसलेलं दिसलं असतं. मी मोजणी अचूक केली आणि ती मागूनच केली. साहेबांना फोन करता आला असता. सलालात फोन लागत होता. केला नाही, कारण परत आल्यावर त्यांना तयार वस्तू द्यायची होती.

हमरिया भागात आमची ड्रॉइंग्ज जिथे छापतात त्या दुकानात मोठं लॅमिनेशन मशीन आहे. ते चालवणारा रत्नागिरीकडचा, माझ्याच वयाचा, बारा वर्षांची ओळख. त्याने नकाशा हातात घेतला, उजेडात धरला आणि लगेच मशीनकडे वळला नाही.

"भाऊ, ह्यो लय जुना हाय. मशीन गरम, वर रुळांचा दाब. एकदा गेला की खलास, परत निघत नाय. करू ना नक्की?"

मी म्हणालो, "करा. दोन्ही बाजूंनी. कडेला आठ मिलिमीटर सोडा."

त्याने तसंच केलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. चीर सपाट झाली, रंग उजळल्यासारखे दिसले. मी तो ताठ, चकचकीत जिल्हा काखेत धरून घरी आणला आणि मला फार समाधान वाटलं.

साहेब परतले त्या दुपारी मी तो त्यांच्या घरी घेऊन गेलो. खोक्यांच्या मधोमध दोन खुर्च्या तेवढ्या उरल्या होत्या. त्यांनी पुठ्ठा काढला, नकाशा पाहिला आणि एवढं तरी म्हणाले की छान दिसतोय. मग त्यांनी तो उलटा केला, मांडीवर ठेवला आणि डोळे मिटून मागच्या बाजूवरून बोटं फिरवायला लागले. वरून खाली, मग डावीकडून उजवीकडे. पुन्हा वरून खाली. मला वाटलं, लॅमिनेशनची गुणवत्ता बघतायत.

डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "मागची बाजू कुठे आहे?"

"हीच आहे, सर. दोन्ही बाजूंनी केलंय. थेंबभर पाणी आत जाणार नाही."

त्यांनी डोळे उघडले. मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांचे वडील त्या जिल्ह्यात हातपंप बसवायचे. सायकलवरून फिरत. ज्या वस्तीत पंपाला पाणी लागे तिथे घरी आल्यावर नकाशावर टाचणी टोचायची, हा नेम. बहीण मोठी, म्हणून टाचणी बहुतेक वेळा तिच्या हातात. कागदाच्या मागे प्रत्येक भोकाचा एक बारीक उंचवटा उठला होता. पावसाळी दिवसांत दोघं भावंडं खेळ खेळायची: धाकट्याने वस्तीचं नाव घ्यायचं, तिने डोळे मिटून मागून बोटाने ती शोधायची. ती कधी चुकत नसे. दृष्टी गेल्यावर तिला एकच गोष्ट पुन्हा हातात हवी होती. ब्रेल शिकायला तिने नकार दिला होता. मला एक वाचता येतं तेवढं पुरे, म्हणाली होती.

गरम रुळांनी ते सगळे उंचवटे दाबून सपाट केले होते आणि वरून प्लास्टिक होतं.

मी कीड म्हणून लिहिलेली वही माझ्या बॅगेतच होती. ती काढली नाही. सॉरी म्हणालो, पाच-सहा वेळा म्हणालो असेन. साहेब उठले आणि त्यांनी चहा केला. खोक्यातून दोन कप शोधून, धुऊन. ते रागावले असते तर मला तिथून निघता आलं असतं. चहा संपवेपर्यंत मला बसावं लागलं.

त्यांच्या विमानाला सहा दिवस होते. जुने कागद दुरुस्त करणाऱ्या परदेशातल्या चार ठिकाणी मी मोजमापांसकट लिहिलं. एकाचं उत्तर आलं. रसायनांनी प्लास्टिक सोडवता येईल कदाचित, कित्येक महिने लागतील, शाई आणि कागद टिकेल याची हमी नाही. उंचवट्यांबद्दल मी मुद्दाम वेगळा प्रश्न विचारला होता. त्यावर एकच ओळ होती, दाबलेला तंतू पुन्हा तसा उठत नाही.

मग मी त्याच जाडीच्या कागदाचा नमुना लॅमिनेट करून आणला आणि त्याच्यावर टाचणी, दाभण, कंपासचं टोक असं एकेक टोचून पाहिलं. बायकोला डोळे मिटायला लावून हात फिरवायला सांगितलं. तिला उंचवटे लागत होते, पण सगळे एकसारखेच. तिने डोळे उघडले आणि नमुना माझ्यापुढे सरकवला.

"तुम्ही त्यांना विचारा तरी. उगाच पुन्हा आपल्या मनाने नका काही करू."

मी विचारलं. जागा नकाशात अजून दिसतायत, अर्ध्या मिलिमीटरच्या आत मी पुन्हा टोचू शकतो, असं सांगितलं. साहेब म्हणाले, "नको. तिला कळेल. त्यातली बहुतेक भोकं तिच्या हातची होती." मग माझा चेहरा बघून असेल, खांद्यावर हात ठेवून म्हणाले की तुझ्या जागी मी असतो तर कदाचित मीही हेच केलं असतं. ते खोटं होतं. सोळा वर्षांत त्यांनी एकही कागद लॅमिनेट केलेला मी पाहिला नव्हता.

विमानतळावर मी गेलो. नकाशा त्यांच्या हातातल्या बॅगेत कपड्यांमध्ये सरळ ठेवलेला होता. एक घडी नाही, एक सुरकुती नाही.

तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. त्यांनी नकाशा बहिणीच्या मांडीवर ठेवला होता. तिने हात फिरवला आणि हे गार का लागतंय, म्हणाली. मग तो ताट ठेवायचा मोठा मॅट असावा असं वाटून तिने बाजूला केला. साहेबांनी सांगितलं, हाच तो नकाशा. ती म्हणाली, मी आंधळी झालेय, वेडी नाही. तू तो मस्कतलाच विसरलास आणि आता कबूल करत नाहीस. तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी साहेब दमले आणि हो म्हणाले. विसरलो. तिथे माझ्या ऑफिसातल्या एका माणसाकडे आहे, तो पाठवेल.

"मी दुसरं काही बोलू शकलो नाही," साहेब म्हणाले. "तू तसंच म्हण, तिने कधी विचारलं तर."

आता याला आठ महिने झाले. ती साहेबांना दर भेटीत विचारते. साहेब कधी टपालाचं कारण सांगतात, कधी इन्शाल्ला म्हणतात. तो शब्द तिलाही आता येतो. मी कामात एक सेंटिमीटर पाइप जास्त दाखवला तर चार माणसांची सही घेऊन दुरुस्त करतो. इथे मी काय दुरुस्त करणार ते मला समजत नाही. खरं सांगावं तर तिचा नकाशा जाणार. न सांगावं तर ती वाट बघत राहणार, ऐंशीव्या वर्षी, माझ्या पार्सलची. बायको म्हणते, खरं सांगून टाका. दुसऱ्या दिवशी तीच म्हणते, नका सांगू.

गेल्या रविवारी साहेबांनी फोन लावला आणि मधेच बहिणीच्या हातात दिला. मला तयारी करायला वेळ मिळाला नाही. तिचा आवाज वाटला होता त्यापेक्षा खणखणीत होता. तिने नाव वगैरे काही विचारलं नाही.

"नकाशा तुमच्याकडेच आहे ना?"

मी हो म्हणालो.

"नीट आहे?"

"हो, मॅडम."

"उन्हात ठेवू नका. भाऊ सांगतो, तुमच्याकडे ऊन फार असतं. कागद ठिसूळ होतो त्याने."

मी म्हणालो, नाही ठेवत.