दोन कंपन्यांचे डबे आणि आमचे मधले भावजी

मुलांनो, तुमच्या मधल्या आजोबांइतका मक्तेदारीचा शत्रू साऱ्या माळव्यात दुसरा झाला नसेल. ते माझे मधले दीर. मी त्यांना भावजी म्हणत असे. एखादी वस्तू फक्त त्याच कंपनीच्या वस्तूशी जुळते, असं दुकानदार म्हणाला की ते दुःखी होत. स्टीलचा डबा घेताना शेजारच्या दुकानातलं झाकण मागून आणून बसवून बघत. एकदा माझ्यासाठी मिक्सर आणायला फ्रीगंजच्या बाजारात गेले आणि तीन तासांनी पाटा-वरवंटा घेऊन परतले. "वहिनी, याला वरवंटा कोणाचाही चालतो." लग्न त्यांनी केलं नाही. सासूबाई अंथरुणाला खिळल्यापासून त्यांना भरवायचं काम भावजींचं. दुपारी बँकेतून सायकलवर येऊन ते भरवून जात. दुसऱ्या कुणी घास पुढे केला तर सासूबाई तोंड मिटून घेत. माझ्यापुढेही.

नव्वदीच्या अखेरची गोष्ट. भावजी एका सहकारी बँकेत कॉम्प्युटरचं काम बघत. फ्रीगंजची शाखा आणि गावातली जुनी शाखा तारेनं जोडायची होती. त्यासाठी दोन्ही टोकांना राउटर लागतो, म्हणजे माहितीला वाट दाखवणारा डबा. एक डबा बड्या परदेशी कंपनीचा आधीच आला होता. दुसराही त्यांचाच घ्या, असं इंदूरहून आलेला विक्रेता म्हणे. "सर, हमारा राउटर हमारे ही राउटर से ठीक से बात करता है."

"फिर वो राउटर नहीं, हमारी बुआजी हैं," भावजी म्हणाले. आमच्या आत्येसासूबाई फक्त आपल्याच माणसांशी बोलत, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक.

डब्यांनी आपसात कसं बोलायचं याचे नियम साऱ्या जगासाठी खुले छापलेले आहेत, ते पाळणारा कुठलाही डबा चालेल, हा भावजींचा हट्ट. ते इंग्रजी नियम मी स्वयंपाकघरात वाचून दाखवी आणि ते कणीक मळता मळता ऐकत. शेवटी त्यांनी अध्यक्षांना लिहूनच दिलं: छोट्या कंपनीचा डबा आणतो, बोलला नाही तर माझी कुठेही बदली करा.

"आणि आईंना कोण भरवणार?" मी विचारलं.

जोडणीच्या दिवशी दोन्हीकडे दिवे लागले, पण निरोप जाईना. विक्रेता निवांत चहा पीत बसला होता म्हणे. भावजींनी मला फोन केला. "वहिनी, ते तारेवरच्या बोलीचं पान पुन्हा वाचा." मी वाचत गेले. मध्येच ते म्हणाले, "थांबा." बडा डबा कारखान्यातूनच आपल्या घरच्या बोलीवर लावलेला आला होता. त्याला छापील, सर्वांच्या बोलीवर आणलं आणि निरोप धावू लागले.

अध्यक्ष इतके खूश झाले की उरलेल्या सगळ्या शाखा जोडायचं काम त्यांनी भावजींनाच दिलं. बदली टळली, पण रोजची बस आली: आज आगर, उद्या शाजापूर. पहिले तीन दिवस सासूबाई दुपारी उपाशीच राहिल्या. चौथ्या दिवशी, का कोण जाणे, त्यांनी माझ्यापुढे तोंड उघडलं.

संध्याकाळी भावजी चपला न काढताच आत आले. "आई जेवली?"

"जेवल्या. वरणभात, सगळा."

"तुमच्या हातून?"

"माझ्याच."

"बरं झालं," ते म्हणाले. "कोणाच्याही हातून चाललं पाहिजे."

मग ते उशाशी बसले, फडकं ओलं केलं आणि आईचे ओठ पुसू लागले. मी दुपारीच पुसले होते, हे मी सांगितलं नाही.