धुऱ्यावरच्या मुंग्या

मुंग्या मी आधी स्वप्नात पाहिल्या की शेताच्या बांधावर, आमच्या धुऱ्यावर, हे आता नीट सांगता येत नाही. कापूस वेचणीचे दिवस होते. राळेगावपासून सायकलीच्या अंतरावर आमचं शेत. सकाळचं धुकं कपाशीवर पसरलेलं, आणि धुऱ्यावरच्या पळसाखाली, जिथे आमचे हे लघवीला जातात, तिथे मुंग्यांची काळी रांग हलत होती. ओटीत कापूस घेऊन मी तशीच उभी राहिले.

आमच्याकडे साखरेचा आजार असाच कळायचा. सासऱ्यांचा मुंग्यांवरूनच कळला आणि पुढे त्यांचा पाय गेला. जखमेच्या चिंध्या मीच धुतल्या आहेत. एखाद्या ढगाळ दुपारी, शेतात कोणी नसताना, तो वास अजून येतो.

यांना साखर निघाली त्यालाही बरीच वर्षं झाली. दोन गोळ्या चालू होत्या. डॉक्टरीणबाईंनी नुकतीच तिसरी वाढवली, आणि लगेच या मुंग्या! नवी गोळी यांना बाधली, असं मी ठरवून टाकलं. विचारायला कोण जातं? शहाणपण उतू चाललेलं माझं. गोळ्या रोज सकाळी मीच यांच्या तळहातावर ठेवते. दुसऱ्या दिवसापासून तीनऐवजी दोनच ठेवल्या. हे निमूट गिळायचे.

मुंग्या गेल्या. मला वाटलं, मी जिंकले. त्या दिवसांत दुपारी कापसाच्या ढिगाला टेकून डोळा लागायचा, आणि सासरे दोन्ही पायांनी धुऱ्यावरून चालत यायचे. फार गोड झोप होती ती.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"तीन गोळ्या घेऊनही साखर एवढी? मग इन्सुलिनची सुई सुरू करावी लागेल. अशीच राहिली तर पायाच्या नसांवर येईल."

पाय म्हटल्याबरोबर मी पिशवीतून तिसऱ्या गोळीची न फोडलेली पाकिटं काढून टेबलावर ठेवली आणि मुंग्यांचं सगळं सांगितलं. यांच्याकडे बघायची हिंमत नव्हती.

बाई हसल्या नाहीत. "पहिली गोळी लिव्हरला आवरते," त्या म्हणाल्या, "ते उगाच साखर सोडत राहतं ना, ते कमी करते. पोट थोडं बिघडवते, पण एकटीनं साखर सहसा फार खाली नेत नाही. दुसरी स्वादुपिंडाला इन्सुलिन बनवायला लावते. म्हणून ती घेऊन उपाशी राहिलं की हातपाय थरथरतात, घाम फुटतो. ही तिसरी जास्तीची साखर लघवीतून बाहेर काढते. हृदयाला, किडनीलाही सांभाळते. पाणी भरपूर प्यायचं, स्वच्छता ठेवायची. मुंग्या येणारच. हे मीच सांगायला हवं होतं."

"मंग आमच्या सासऱ्यायच्या मुंग्या?"

"त्यांची साखर रक्तात मावत नव्हती म्हणून सांडत होती. यांची आपण मुद्दाम काढतोय."

सुई तूर्त टळली. तिसरी गोळी नीट घ्या आणि पुन्हा तपासू, असं ठरलं. एस्टी स्टँडच्या बाकावर बसल्यावर मला रडू आवरेना. ज्या पायासाठी एवढी धडपड, त्याच पायावर मी उठले होते.

मग हे म्हणाले, "तीनच्या दोन झाल्या, ते मले पहिल्याच दिवशी दिसलं होतं."

"मंग बोलले काहून नाही?"

"तू देऊन राह्यली होती ना."

मी यांच्यावर इतकी चिडले की रडू थांबलं. आता गोळ्या देताना मी यांना मोठ्यानं मोजायला लावते, आणि प्रत्येक गोळी काय काम करते तेही वदवून घेते.

चार दिवसांनी धुकं पुन्हा कपाशीवर उतरलं होतं. पळसाखाली काळी रांग हलताना दिसली. मी ओटीतला कापूस खाली ठेवला आणि तिथूनच हाक मारली, "अहो, या न पाहाले! आल्या!"