नॉर्वेच्या डोंगरातले उरलेले दिवस

तो मला सोडून जाणार आहे हे मला नॉर्वेत कळलं, बर्फात खणलेल्या एका बाकावर बसून संत्रं सोलत असताना.

बाक त्यानंच खणला होता. तिकडे ईस्टरच्या सुमारास लोक स्कीवरून डोंगरात जातात, फावड्यानं बर्फात बसायला जागा करतात आणि उन्हाकडे तोंड करून संत्री खातात. आमच्या गाईडनं पहिल्याच दिवशी आम्हाला ते शिकवलं होतं आणि माझ्या नवऱ्याला ते फार आवडलं होतं. त्या दुपारी वारा अजिबात नव्हता. बाकीच्या तिघी थोड्या खाली बसल्या होत्या. मी मोज्यांवर ऊन घेत म्हटलं, "पुढच्या वर्षी अजून उत्तरेला जाऊ या का? तिकडे म्हणे समुद्रापासूनच चढायला सुरुवात करायची."

तो फावड्याला चिकटलेला बर्फ झाडत होता. त्याला ऐकू आलं नसेल म्हणून मी पुन्हा विचारलं.

त्यानं गॉगल कपाळावर सरकवला. "पुढच्या वर्षी आपण बरोबर नसू गं."

"का? रजा नाही मिळणार?"

"रजेचं नाही." तो खाली हातमोज्यांकडे बघत होता. "मला वेगळं व्हायचंय. इथे नव्हतो सांगणार, घरी गेल्यावर सांगणार होतो. पण तू पुढच्या वर्षाचं बोलायला लागलीस."

माझ्या हातात अर्धं सोललेलं संत्रं होतं. मी ते पूर्ण सोललं. फोडी वेगळ्या केल्या आणि सवयीनं अर्ध्या त्याच्यापुढे धरल्या. त्यानंही त्या घेतल्या.

"दुसरं कोणी आहे का?"

"नाही. असतं तर सांगणं सोपं गेलं असतं."

मग खालून गाईडनं हाक मारली आणि आम्ही उठून स्की चढवल्या.

आम्ही दोघं पुण्याचे. लग्न झाल्या वर्षीच ग्लासगोला आलो. तो एका बँकेसाठी सॉफ्टवेअरचं काम करायचा, मी हॉस्पिटलच्या फार्मसीत. ग्लासगोचा पाऊस, काळोखे हिवाळे, शेजाऱ्यांचं निम्मं न कळणारं इंग्लिश, सगळ्याला आम्ही मिळून हसायचो. मूल होत नव्हतं म्हणून उपचार सुरू केले, तेव्हा त्यालाही हसायचा प्रयत्न केला. इंजेक्शनं फ्रिजमध्ये दह्याच्या डब्याशेजारी असायची. दर वेळी थोडी आशा, मग क्लिनिकचा फोन, मग पुन्हा पहिल्यापासून. शेवटचं टिकलं ते काही आठवडेच. त्यानंतर आम्ही थांबलो. "आता बस," असं दोघंही म्हणालो, आणि त्या विषयावर आमच्यात पुन्हा बोलणं झालं नाही.

त्याच हिवाळ्यात ऑफिसमधला एक जण त्याला ग्लेन्कोच्या डोंगरात स्की करायला घेऊन गेला. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा गाल लाल, अंगभर दुखतंय, आणि चेहरा असा की कित्येक महिन्यांत मी पाहिला नव्हता. पुढच्या शनिवारी तो पुन्हा गेला. मग मीही शिकायचं ठरवलं. आधी शहराजवळच्या इनडोअर स्लोपवर, शाळेतल्या मुलांच्या रांगेत, दर दोन मिनिटांनी पडत. आई पुण्याहून म्हणायची, "अगं, चाळिशीला आलीस, हातपाय मोडून घेशील." मला पर्वा नव्हती. घरात तो जसा होता त्यापेक्षा डोंगरात तो मला जास्त भेटायचा.

पुढे आम्ही टूरिंगकडे वळलो. त्यात लिफ्ट नसते, आपल्या पायांनीच चढायचं. स्कीच्या तळाला एक केसाळ पट्टी चिकटवतात, तिला स्किन म्हणतात. तिच्यामुळे स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. वर पोचलं की पट्टी काढायची आणि खाली उतरायचं. त्याला उतरणं आवडायचं आणि मला चढणं. तासन् तास एका लयीत पाय ओढायचे, पुढे त्याची पाठ, पायाखाली त्याचीच वाट. मला वाटायचं, आपलं आता हेच. मूल नसेल तर नसेल, हे आहे.

नॉर्वेची ट्रिप मीच ठरवली होती, त्याच्या चाळिसाव्या वाढदिवसाची. योटुनहाइमेनच्या डोंगरात मुक्कामाच्या एका हटपासून, म्हणजे लाकडी घरापासून, दुसऱ्या हटपर्यंत जायचं होतं. आम्ही पाच जण होतो. आम्ही दोघं, इन्व्हरनेसच्या दोन रिटायर्ड बहिणी, आणि आमची नॉर्वेजियन गाईड. ती उंच होती, कमी बोलायची आणि कुणाची थट्टा करायची असली तरी चेहऱ्यावरची रेषा हलायची नाही.

निघण्याआधी तिनं आम्हाला छातीवर बांधायचं ते छोटं यंत्र वापरायला लावलं. हिमस्खलनात कुणी गाडलं गेलं तर इतरांच्या यंत्रावर त्याचा सिग्नल येतो. तिनं जोड्या पाडल्या. "बाहेरून मदत यायला वेळ लागतो," ती म्हणाली. "तुमची मदत म्हणजे तुमचा जोडीदार. त्याची जबाबदारी तुमची." मग एका पिशवीत यंत्र घालून तिनं ती कुठेतरी पुरली आणि आम्हाला शोधायला लावली. त्यानं ती सगळ्यांत आधी शोधली. फावडं वर धरून ओरडला, "सापडलीस!" आम्ही सगळे हसलो. ही त्या दुपारच्या आधीची गोष्ट.

त्या दुपारनंतर मला वाटत होतं की आता काहीतरी होईल, मी कोसळेन किंवा ओरडेन. तसलं काही झालं नाही. हट अजून लांब होती आणि तिथे पोचायला पायच होते. मी गॉगलच्या आत रडत होते. काच आतून धुरकट झाली, पुढचं दिसेना, तेव्हा थांबून पुसली. गाईड मागे वळून आली. "डोळ्यांत सनस्क्रीन गेलं," मी म्हटलं. तिनं खिशातून कोरडं फडकं काढून दिलं आणि माझं पुसून होईपर्यंत उभी राहिली.

तिकडच्या बऱ्याच हटमध्ये कुणी नोकर नसतो. आपणच लाकडं फोडायची, चूल पेटवायची, बाहेरून बादल्यांत बर्फ भरून आणून वितळवायचा. आम्ही दोघं हे काम न बोलता करायचो. तो लाकडं आणायचा, मी काडी ओढायचे. त्यानं भांडं उचललं की मी झाकण घेतलेलं असायचं. धाकटी बहीण कौतुकानं म्हणाली, "तुम्ही दोघं किती छान टीम आहात. कधीपासून एकत्र?" तो काहीतरी बोलला. मी बाहेर बर्फ आणायला गेले. बादली आधीच भरलेली होती, तरी गेले.

लांब जाऊन बसायला जागा नव्हती. त्या रात्री सगळ्यांची एकच झोपायची खोली, एकावर एक बंक. आमचे दोघांचे एकमेकांच्या वर-खाली. दुसऱ्या दिवशीच्या हटमध्ये मोठी बहीण माझ्याजवळ आली. तिच्या वाट्याला आतली छोटी खोली आली होती. "माझी बहीण म्हणते मी घोरते," ती म्हणाली. "पण आज मला चुलीजवळ झोपायचंय. तू जाशील का आत?" तिला कळलं होतं हे मला कळलं. तिनं काही विचारलं नाही, आणि मी दार लावल्यावर उशी तोंडावर धरून मनसोक्त रडले.

पुढच्या दिवशी हवा फिरली. आभाळ आणि बर्फ एकच पांढरं झालं, चढ कुठला आणि उतार कुठला ते कळेना. वाट दाखवायला तिकडे बर्चच्या काटक्या बर्फात रोवलेल्या असतात. एक काटकी गाठायची, मग पुढची धुक्यातून दिसेपर्यंत थांबायचं. मध्ये एक उतार आडवा ओलांडायचा होता. गाईडनं आम्हाला थांबवलं. "एकेकानं जायचं. पलीकडे पोचलेल्यानं नजर ठेवायची, मागचा कुठपर्यंत आलाय ते लक्षात ठेवायचं."

आधी गाईड गेली, मग तो. मग माझी पाळी. मी निघाले तेव्हा धुक्यात त्याचं लाल जॅकेट तेवढं दिसत होतं. तो माझ्याकडे तोंड करून उभा होता आणि एकदाही मान वळवत नव्हता. उतार भयंकर होता असं नाही. पण मला प्रत्येक पावलाला वाटत होतं, आत्ता हे सगळं खाली गेलं तर मला उकरून काढणारा हाच आहे. याच माणसाला मी नको आहे, आणि हाच मला शोधेल. हे दोन्ही खरं कसं असू शकतं ते मला कळत नव्हतं.

मी पलीकडे पोचले. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ओके?"

गाईड पुढची काटकी शोधायला थोडी पुढे गेली होती. बहिणी अजून उताराच्या मागच्याच बाजूला होत्या.

"मी खाली गेले असते तर शोधलं असतंस?" मी विचारलं.

"काय वेड्यासारखं बोलतेस? शोधलंच असतं."

"मग?"

त्याचा चेहरा वाकडा झाला. त्याला रडताना मी एकदाच पाहिलं होतं, त्या शेवटच्या फोननंतर. "तू मरू नयेस असं मला वाटणं आणि तुझ्याबरोबर घरात राहणं, हे एकच असायला पाहिजे ना," तो म्हणाला. "माझ्यासाठी ते एक राहिलेलं नाही. घरी आलो की आपल्याला काय झालं नाही तेवढंच दिसतं मला. तुझ्याकडे बघितलं की तेच दिसतं. यात तुझी चूक नाहीये गं. पण मला नाही जमत."

"मलाही तेच दिसतं," मी म्हटलं. "तरी मी राहिले."

"माहितेय."

तोवर मोठी बहीण उतार ओलांडायला निघाली होती. तो वळला आणि तिच्यावर नजर ठेवू लागला.

त्यानंतर आम्ही भांडलो नाही. भांडायला काही उरलं नव्हतं. शेवटच्या दिवशी लख्ख ऊन पडलं आणि गाईड आम्हाला एका लांबच लांब उतारावरून खाली घेऊन गेली. तो पुढे सुटला, सुंदर वळणं घेत, बघत राहावं असा. मी मागून आले, पडत, उठत. खाली बस थांबते तिथे त्यानं माझ्या स्की बॅगेत भरून ठेवल्या. मी नको म्हटलं नाही.

एअरपोर्टवरून टॅक्सी आमच्याच घरी आली. त्याला दुसरीकडे जायला जागाच नव्हती. मी कुकर लावला, डाळभात केला, आम्ही टीव्हीसमोर बसून जेवलो. काही आठवडे तो छोट्या खोलीत झोपला. ती खोली आम्ही कधीकाळी पिवळी रंगवून घेतली होती आणि नंतर तिथे स्की आणि बूट ठेवायला लागलो होतो. मग त्याला लांब इंग्लंडात, बेसिंगस्टोकला नोकरी मिळाली. जाताना त्यानं फक्त त्याचं सामान नेलं, आणि फ्लॅट मलाच राहू दे म्हणाला. दारात आम्ही एकमेकांना मिठी मारली. ती बराच वेळ होती. दोघांपैकी कुणीच आधी सोडायला तयार नव्हतं, आणि त्याचा काही उपयोगही नव्हता.

त्याच्या आईला त्यानं व्हिडिओ कॉलवर स्वतःच सांगितलं. मी तेव्हा कामावर होते. संध्याकाळी त्यांचा मला फोन आला. नाव दिसलं तरी मी तो वाजू दिला. त्यांनी पुन्हा केला.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं. नेहमी विचारतात तसंच.

"हो, आ..." मी थांबले. इतकी वर्षं जे म्हणत आले ते म्हणायचा हक्क आता आहे की गेला, हे मला त्या क्षणी समजेना.

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. मग त्यांनी नाक ओढलं.

"थांबू नकोस," त्या म्हणाल्या. "त्यानं काय करायचं ते त्यानं केलं. मला कोणी विचारलं होतं का? तू म्हण."

"आई," मी म्हटलं.

"हं. काय जेवलीस ते सांग."

मी खोटंच सांगितलं, पोळी आणि फ्लॉवरची भाजी. त्यांना ते खोटं आहे हे कळलं असणार, कारण त्यांनी भाजीत काय घातलं ते विचारलं नाही.

आता त्या दर रविवारी फोन करतात. त्याचा विषय आम्ही दोघी काढत नाही. या हिवाळ्यात मी एकदाच डोंगरात गेले, ग्लेन्कोला, एकटी, लिफ्टनं. टूरिंगची स्की घरीच ठेवली. वर बर्फ चांगला होता. लोक जोडीजोडीनं फोटो काढत होते, एका मुलीनं मला त्यांचा फोटो काढायला सांगितलं. मी काढला आणि नीट आलाय का ते बघायला सांगितलं. मग पहिल्याच उतारानंतर बूट सैल केले आणि कॅफेत जाऊन बसले. चहा गार होईपर्यंत खिडकीतून वर चढणाऱ्या माणसांकडे बघत राहिले.