भावाच्या माळावरची इर्जिक

इर्जिक म्हणजे गावानं आपापली औतं आणून एखाद्याचं रान एका दिवसात फुकट नांगरून द्यायचं. हा उपकार. मी तो सख्ख्या धाकट्या भावावर केला, जळून.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि दुष्काळ सुरू होता. चाकूरकडच्या आमच्या वाटणीत उताराचा माळ त्याच्याकडं, खालचं सपाट रान माझ्याकडं. माळाची माती दर पावसात धुपायची. म्हणून त्यानं तिथं नांगर घालणंच सोडलं. जुनं गवत तसंच ठेवून, पेरायच्या तिफणीवर वजनाला दगड बांधून उताराला आडव्या बारीक रेघा ओढल्या आणि गवताचं बी वाळूत कालवून त्यात सोडलं.

"न नांगरता पेरायलाय. येड लागलं याला," पारावरचे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी.

पुढच्या साली पाऊस नावालाच झाला, तरी त्याच्या माळावर गुडघाभर गवत. माय माझ्यादेखत म्हणायची, "धाकट्याला अक्कल हाय." माझ्या बैलांना तोच भारे आणून टाकायचा. "दादा, आजून लागलं तर सांगा." ते ऐकून मी भारा पायानंच बैलांपुढं ढकलायचो.

उन्हाळ्यात भावजयीच्या बाळंतपणाला तो लातूरला गेला. मागं अवकाळी पाऊस पडून जमीन नरम झाली. मी घरोघर फिरलो. "गवत संपलं. आता त्याला माळ नांगरून ज्वारी घ्यायची हाय, पण तिकडं अडकलाय." धडधडीत खोटं. नांगरायला त्याच्याच गवतावर जगलेले माझे बैल सगळ्यांत पुढं होते. संध्याकाळी माझ्या अंगणात जेवताना एक म्हातारा म्हणाला, "थोरला असावा तर असा!"

भाऊ आला. बांधावर उभं राहून त्यानं मुळ्यांसकट एक ढेकूळ उचललं, बघितलं, ठेवलं. 'मी सांगितलंच नव्हतं' एवढं तो बोलला असता, तरी गावात माझी अब्रू उरली नसती. तो घरोघर जाऊन आभार मानून आला. शेवटी माझ्याकडं. "दादा, तुमी लई केलं."

पावसाळ्यात त्या माळाची माती माझ्या रानात उतरली. त्या साली माझी ज्वारी गावात एक नंबर. वाईट वाटलं असं आज लिहिता येईल, पण तेव्हा मला बरं वाटलं होतं.

पाऊस उघडल्यावर बघतो तर वर तो पुन्हा तिफणीला दगड बांधत होता, उरल्यासुरल्या मातीसाठी. आणि मी खाली, त्याच्याच मातीत उभा राहून, त्याच्यावर पुन्हा जळलो.