आईच्या फोनचं कुलूप

"तुझ्या आईचं सर्टिफिकेट तूच रद्द कर. माझ्यासमोर."

वायफाय विकणारा माझा मालक खुर्चीत. आई खाली फरशीवर. दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.

आईचा गुन्हा एवढाच. ती आमच्या वाडीची आशाताई, गरोदर बायकांना दवाखान्यात पोचवणारी. ग्रामसभेत उठून तिनं विचारलं, "वरच्या वाडीत दुसऱ्याचं नेट आलंय. आमच्या मोबाईलवर ते का लागत न्हाई?"

का लागत नाही, ते मला माहीत होतं. ते मीच केलं होतं.

भंडारदऱ्याच्या मागच्या आमच्या डोंगरात सिमकार्डाला रेंज नाही. वायफाय असेल तरच फोन लागतो. मी मालकाच्या दुकानात कामाला. प्रत्येक मोबाईलमध्ये त्याचं डिजिटल सर्टिफिकेट टाकायचं, हे माझं काम. ते असेल तरच त्याचं नेट मिळतं. आणि सोबत एक कुलूप. दुसऱ्या कुणाचं नेट तो फोन घेतच नाही. सर्टिफिकेट म्हटल्यावर माणसं दोन फोटो आणि आधारची झेरॉक्स घेऊन आली, तलाठ्याकडे जावं तशी. मालकानं त्या झेरॉक्सही ठेवून घेतल्या. कुलपाचं कुणालाच सांगितलं नाही. मीही नाही.

सर्टिफिकेट रद्द केलं की त्याचं नेट जातं, कुलूप मात्र राहतं. फोन मुका. आणि वाडीत एका बाईला नववा लागलेला. कळा आल्यावर आईनं दवाखान्याची गाडी बोलवायची कशी?

"आमच्या नेटवर जगायचं आन् सभेत आमालाच जाब इचारायचा व्हय?" मालक म्हणाला. "लायकी बघून बोलावं."

दारातली गिऱ्हाईकं हसली.

"चुकलं दादा," आई म्हणाली. तिनं हात जोडले. तिच्या लेकाच्या वयाच्या माणसाला.

स्क्रीनवर आईचं नाव. शेजारी लाल बटण. माझं बोट बटणापर्यंत गेलंही होतं. हे लपवणार नाही.

"न्हाई करणार."

आवाज इतका बारीक की त्यानं "काय?" म्हणून विचारलं.

"न्हाई करणार. आई, ऊठ. हात सोड."

तो ओरडला नाही. त्यानंच जास्त भ्याले. "तुमची वाट माझ्या रानातून जाती, पोरी. ध्यानात हाय ना?"

त्याच वाटेनं आम्ही दोघी घरी आलो. दहा पावलांवर मी मागं बघत होते. ओट्यावर बसून आईच्या फोनचं कुलूप काढलं. पासवर्ड मीच टाकलेला होता. वरच्या वाडीचं नेट लागलं.

"आता तुला सोडायचे न्हाईत गं," आई म्हणाली.

नाहीच सोडणार. हे लिहितानाही दाराची कडी लावलेली आहे. भीती गेलेली नाही, जाईल असं वाटतही नाही. पण जेवढे फोन मी बांधले, तेवढे मीच सोडवणार. कुलपाचं सगळ्यांना सांगून. घरोघर, दिवसाढवळ्या, त्याच्या रानातल्या वाटेनं चालत.