पेन ड्राइव्हमधल्या ओव्या

नव्या गाडीत मला ब्लूटूथ हवं होतं, आप्पांना त्यांचा पेन ड्राइव्ह. गाडीचा टेप तो घेईना. "फॉरमॅट केला की चालंल," मी म्हणालो.

"आधी त्यात काय हाय ते बघ रं."

"घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी हाय, आप्पा. तुम्ही गप बसा."

लॅपटॉपला लावून मी तो पुसला. बहिणीच्या हळदीला आईनं म्हटलेल्या ओव्या फक्त त्यातच होत्या, आणि आई जाऊन वर्ष झालं होतं.

आप्पा तेव्हा ओरडले नाहीत. पण आता पाहुण्यांना घेऊन निपाणीहून निघालो की कोगनोळी यायच्या आत ते मुद्दाम म्हणतात, "लाव की रं आईच्या ओव्या. ग्रॅज्युएट हायस न्हवं?"

पाहुणे ऐकायला सरसावून बसतात.