उत्तरेचं दार

आमच्या आत्याबाईंना डावं-उजवं चालत नसे. त्या माझ्या मालकांच्या आत्या. मी लग्न होऊन सोलापूरला गिरणीच्या चाळीत आले, तेव्हा पहिल्याच सकाळी त्या चुलीपाशी बसून म्हणाल्या, "मिठाचा डबा दक्षिणेला हाय बघ." मी लाजरी, चौथी शिकलेली. विचारायचं धाडस होईना. दारात जाऊन ऊन कुठून येतंय ते पाहिलं आणि डबा आणून दिला. आत्याबाई मालकांना म्हणाल्या, "ही टिकंल."

ही सवय त्यांना पोथीमुळे लागली होती. मेल्यावर जीव कुठल्या वाटेने जातो हे सांगणारी जुनी ओव्यांची पोथी वडिलांनी त्यांच्याकडून पाठ करून घेतली होती. चाळीत कुणी गेलं की सुतकात रोज दुपारी त्या घरी जाऊन ती म्हणत. चुलीतली राख मागून घेत आणि जमिनीवर वाट काढून दाखवत. इथे नदी, इथे तापलेली वाळू, इथे यमाची नगरी. पोरं विचारत, "आत्या, म्हंजे विजापूरच्या पुढं का?" त्या रागावत नसत. "सीना लागंल, भीमा लागंल, विजापूर बी लागंल. ती नदी त्याच्या लई पुढं. आन तिला दुष्काळ न्हाय."

बायकांना नदी आणि वाळूच ऐकायची असे. रडून झालं की पाणी भरायला उठत. नगरीच्या दारांपर्यंत कुणी थांबत नसे. घरी आल्यावर आत्याबाई कुरकुरत, "वाट ऐकत्यात, पोचल्यावर काय ते न्हाय."

दुष्काळात शेवंताचा नवरा तापाने गेला. महिन्यापूर्वीच ती माणसं आमच्या ओळीतून समोरच्या ओळीत राहायला गेली होती. आमची दारं दक्षिणेला, त्या ओळीची उत्तरेला. माणूस गेलं की आमच्यात पाय दक्षिणेकडे करून निजवतात. शेवंताने जुन्या खोलीच्या सवयीने दाराकडे पाय केले. सगळा गोंधळ, कुणाच्याच लक्षात आलं नाही. आलं ते दोन दिवसांनी, तिच्या सासूच्या, रखमाबाईंच्या.

"माझं पोरगं उलट्या वाटंला लावलंस की गं. आता कुटं हिंडत असंल त्यो?"

तेव्हापासून शेवंताने अन्नाला हात लावला नाही. पोटात मूल होतं.

आत्याबाई मला घेऊन गेल्या. रखमाबाई म्हणाल्या, "पोथी कशाला आता? वाटसरूच वाटंवर न्हाय."

आत्याबाईंनी राख मागितली. त्या दिवशी त्यांनी नदी काढलीच नाही. नगरीचा मोठा चौकोन काढला आणि त्याला चार दारं. "दक्षिणेचं दार पाप्यांचं. नदी, वाळू, समदं त्याच वाटंला. बाकीची तीन चांगल्यांची. उत्तरेनं जाणाऱ्याला चटका न्हाय की काटा न्हाय." आणि दारांच्या सगळ्या ओव्या त्यांनी सावकाश म्हटल्या. घागरी घेऊन उठलेल्या बायका परत बसल्या.

"रखमे, तुझं पोरगं कसं व्हतं?"

"देवमाणूस व्हतं."

"मग दक्षिणेला कशाला धाडतीस?"

रखमाबाईंनी राखेतल्या दक्षिणेच्या दारावर बोट ठेवलं. "त्याच्या बापाला तर आमी दक्षिणेलाच धाडलं की."

"त्यो दारू प्यायचा," आत्याबाई म्हणाल्या.

मागे कुणीतरी हसलं. मग रखमाबाईंनीच तोंडाला पदर लावला. त्या उठल्या, भाकरी आमटीत कुस्करली आणि ताटली सुनेपुढे ठेवली. "जेव. पोचला त्यो."

परतताना मी विचारलं, "मग सगळ्यांनाच उत्तरेला का धाडत न्हाईत?"

"कोन चांगलं, कोन वाईट, हे घरच्यांनी ठरवायचं न्हाय म्हनून. आज ठरवावं लागलं."

पुढे काही वर्षांनी आत्याबाई गेल्या. शेवंता धावत आली, पोर कडेवरून खाली ठेवलं आणि म्हणाली, "वहिनी, पाय उत्तरेला करा." सगळे माझ्याकडे बघू लागले. चारचौघांत मी कधी बोललेली नाही. त्या दिवशी बोलले.

"नको. रीतीपरमानं दक्षिणेलाच असू दे. नदी काय न् वाळू काय, तितला समदा मुलूख त्यांच्या पायाखालचा हाय."